पॅड वाचला पाहिजे

नेहमीच्या सर्किट बोर्डावरचा तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाड असतो. एक औंस तांबं एक चौरस फूट जागेवर सारखं पसरलं की एवढी जाडी येते, म्हणून बोर्ड बनवणारे त्याला अजूनही ‘एक औंस कॉपर’ म्हणतात. सुटा भाग जिथे जोडायचा तिथे या तांब्याची दीड-दोन मिलिमीटर व्यासाची टिकली ठेवलेली असते. तिला पॅड म्हणायचं. हा पॅड खालच्या पाट्याला नुसता चिकटलेला असतो. हिरव्या बोर्डात काचतंतूंच्या विणीत इपॉक्सी मुरवून पाटा बनवतात आणि तेच इपॉक्सी तांब्याला धरून ठेवतं. साध्या प्रतीचं इपॉक्सी १३० ते १४० अंश सेल्सिअसला आपला कडकपणा सोडून रबरी व्हायला लागतं. कथील-शिशाचं सोल्डर वितळतं १८३ अंशांना. आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक, म्हणजे बिट, असतं ३२० ते ३५० अंशांवर.

म्हणजे सोल्डरचं कुठलंही काम, तांबं धरून ठेवणारा गोंद मऊ पडलेला असतानाच चालतं. सोल्डर लावताना हे जाणवत नाही, कारण दोन-तीन सेकंदांत काम उरकतं आणि पॅडला कुणी ओढत नाही. काढताना मात्र वेळ लागतो आणि हात आपोआप ढोसायला, उचकटायला, ओढायला लागतो. मग पॅड सुटतो, त्याच्यामागोमाग त्याला जोडलेली तांब्याची रेघ, म्हणजे ट्रॅक, निघतो, आणि पाच-दहा रुपयांचा कपॅसिटर बदलायला बसलेला माणूस अख्खा बोर्ड घालवून उठतो. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत, ‘ट्रॅक उचलला’.

छोट्या सर्किटांच्या कामात मला एवढंच महत्त्वाचं वाटतं: भाग गेला तर दुसरा मिळतो, सोल्डर तर मुबलक आहे, पॅड मात्र गेला की गेला. सोल्डर कसं काढायचं हे त्यावरून ठरतं, आणि बोर्डाला कुठली तार जोडायची हेसुद्धा बरंचसं त्यावरूनच.

बोर्ड कुठल्या जातीचा आहे ते आधी पाहावं. जुने रेडिओ, स्वस्त चार्जर, रिमोट यांतला तपकिरी बोर्ड कागदाचे थर फिनॉलिक रेझिनने एकत्र दाबून केलेला असतो. तांबं एकाच बाजूला, भोकाच्या आत काहीच नाही. इथे सोल्डर काढणं सोपं आणि पॅड घालवणंही सोपं. विद्यार्थी प्रोजेक्टसाठी घेतात तो स्वस्तातला झिरो पीसीबीही बहुधा याच कुळातला: २.५४ मिलिमीटर अंतरावर भोकं आणि प्रत्येक भोकाभोवती तांब्याची सुटी कडी. त्या कडीला शेजारच्या ट्रॅकचाही आधार नसतो, त्यामुळे चार वेळा तापवली की ती बिटाबरोबर वर येते. दुहेरी हिरव्या बोर्डात भोकाच्या आतल्या भिंतीवरही तांबं चढवलेलं असतं. ही तांब्याची नळी वरच्या आणि खालच्या पॅडला जागेवर धरून ठेवते, त्यामुळे पॅड दणकट होतो. पण सोल्डर नळीच्या तळापर्यंत भरलेलं असतं आणि ते अर्धवट वितळलेलं असताना पिन ओढली तर पिनेबरोबर नळीही येते. मग दोन्ही बाजूंच्या ट्रॅकचा संबंध तुटतो, आणि वरून पाहावं तर बोर्ड धडधाकट दिसतो. असा दोष शोधताना माणूस बाकी सगळ्यावर संशय घेतो.

सोल्डर वितळत नाही म्हटल्यावर नवशिक्याचा हात तापमान वाढवायला जातो. अडचण बहुतेक वेळा तापमानाची नसतेच. तांबं उष्णता वाहून नेण्यात इपॉक्सीच्या पाट्यापेक्षा हजारपटीहून सरस आहे. म्हणून एकटा, लहान पॅड चटकन तापतो आणि ग्राउंडच्या पसरट तांब्याला जोडलेला पॅड दिलेली उष्णता गिळत राहतो. चांगला डिझायनर अशा पॅडला चार बारीक पट्ट्यांनीच त्या तांब्याशी जोडतो, उष्णतेची वाट अरुंद व्हावी म्हणून. स्वस्त मॉड्यूलवर एवढी काळजी घेतलेली असेलच असं नाही. तिथे ४५० अंशांचं टोकदार बिट लावून काही होत नाही, कारण त्याचा पॅडला होणारा स्पर्श एका बिंदूपुरता असतो. ३५० अंशांचं चपटं, छिन्नी आकाराचं बिट त्याहून लवकर काम करतं. बिट काळं पडलेलं असेल तर मात्र तेही नाही. ऑक्साइडचा थर उष्णतेच्या आड येतो. ओल्या स्पंजवर पुसून, ताज्या सोल्डरचा चकचकीत थर चढवूनच ते टेकवावं. कानस मात्र लावू नये. आजची बरीचशी बिटं तांब्यावर लोखंडाचा मुलामा चढवलेली असतात. मुलामा गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि बिटाला खड्डा पडतो. जुन्या साध्या आयर्नचं बिट निव्वळ तांब्याचं असे, ते अधूनमधून घासावंच लागे. कानशीची सवय तिथून आली, बिटं बदलली तरी ती टिकली.

आता एक उफराटा वाटेल असा नियम. सोल्डर काढायच्या आधी त्यात थोडं नवं सोल्डर घालावं. जुना सांधा वर्षानुवर्षं हवा खाऊन बसलेला असतो, त्यातला ऑक्साइड काढणारा फ्लक्स कधीच जळून गेलेला असतो, आणि कोरड्या बिटाचा त्याला धड स्पर्शही होत नाही. नव्या सोल्डरचा थेंब बिट आणि सांधा यांच्यामधली फट भरतो, उष्णता आत शिरते, आणि सोल्डरच्या तारेच्या पोटातला ताजा फ्लक्स कामाला लागतो.

तिसरं कारण बोर्डाच्या जन्मसालात दडलेलं असतं. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं तर मिश्रण दोघांच्याही खाली, १८३ अंशांना, एकदम वितळतं. बाजारातलं ६०/४० सोल्डर याच्या अगदी जवळचं. मात्र युरोपियन संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, आणि पुढे भारताच्या ई-कचरा नियमांतही तीच मर्यादा आली. कारखाने शिसेविरहित सोल्डरकडे वळले. त्यातला सर्वांत रुळलेला मिश्रधातू ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असा असतो, आणि तो २१७ ते २२० अंशांना वितळतो. म्हणजे अलीकडच्या राउटरमधला किंवा सेट-टॉप बॉक्समधला सांधा जुन्या टीव्हीतल्या सांध्यापेक्षा पस्तीसेक अंशांनी हट्टी. त्यात ६०/४० मिसळलं की मिश्रणाचा वितळबिंदू खाली उतरतो आणि पॅडवरचा ताण तेवढाच हलका होतो.

शिशाबद्दल इथेच सांगून टाकतो. शिसं उकळायला १७०० अंशांहून जास्त तापमान लागतं, त्यामुळे सोल्डरिंगचा धूर म्हणजे शिशाची वाफ नव्हे. तो फ्लक्समधल्या राळेचा धूर असतो, आणि तोही सोज्वळ नाही: रोज तोच छातीत घेणाऱ्यांना दमा जडू शकतो. शिसं पोटात जातं ते हातावाटे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि कामाच्या टेबलावर चहा-बिस्किटं ठेवू नयेत.

आता फ्लक्स. गरम तांब्यावर हवेतला ऑक्सिजन क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा चढवतो, आणि वितळलेलं सोल्डर ऑक्साइडवर पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतं. तो पापुद्रा काढणं हे फ्लक्सचं काम. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा तो याचसाठी. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते ऑक्साइड खातं आणि उघड्या पडलेल्या तांब्या-पितळेवर कथील झरझर पसरतं. पांढरा धूर निघायचा तो नवसागराचाच. बोर्डावर मात्र नवसागर चालत नाही, आणि रेडिएटर झाळणारे वापरतात तो ॲसिडचा फ्लक्सही चालत नाही. मागे राहिलेलं क्लोराइड हवेतली ओल धरतं आणि तांबं कुरतडत राहतं. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत तर हिरवट डाग पडायला फार दिवस लागत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सवाले राळ वापरतात, कारण तिच्यातली आम्लं तापल्यावरच चावतात आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट, निरुपद्रवी होऊन बसतात. छोट्या डबीतली पिवळी पेस्ट विकत घेताना ती राळेचीच आहे ना, हे डबीवर वाचून घ्यावं. स्वस्त पेस्टच्या बाबतीत मी कुणाच्या तोंडी शब्दावर जाणार नाही.

एवढी पूर्वतयारी झाली की हत्यारांचं काम सोपं.

सगळ्यांकडे असतो तो स्प्रिंगचा पंप, बाजारातलं नाव सकर. दट्ट्या दाबून ठेवायचा, सांधा वितळवायचा, नाक टेकवून बटण दाबायचं. नाक टेफ्लॉनचं असलं तर क्षणभर बिटाला लागलं तरी बिघडत नाही. पंप घसघशीत थेंब उत्तम ओढतो आणि पातळ थर अजिबात ओढत नाही, आणि यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पिन आणि भोकाची भिंत यांच्यामध्ये सोल्डर सगळीकडून भरलेलं असतं तोवर पंपाची ओढ पूर्ण त्याच्यावर बसते. एका बाजूने जरा वाट मोकळी झाली की हवा त्याच वाटेने आत धावते आणि उरलेलं सोल्डर जागच्या जागी राहतं. मग पुन:पुन्हा पंप मारत बसलं तरी हवाच ओढली जाते आणि दरम्यान पॅड भाजून निघतो. भोक पुन्हा सोल्डरने पूर्ण भरावं आणि नव्याने एकदाच ओढावं. दुहेरी बोर्डात बिट एका बाजूने आणि पंप दुसऱ्या बाजूने लावता आला तर फारच छान. त्यासाठी बोर्ड उभा धरणारा चिमटा हवा. दोन प्रयत्नांच्या मध्ये पॅडला थंड होऊ द्यायला विसरू नये.

काही कारागीर सांधा वितळवून बोर्ड टेबलाच्या कडेवर आपटतात. सोल्डर जड असतं, ते सरळ बाहेर उडतं आणि भोक लख्ख होतं. पद्धत पक्की चालते. डोळ्यांवर चष्मा नसेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी, म्हणजे डीसोल्डर विक, वेगळ्या तत्त्वावर चालते. वितळलेल्या कथील-शिशाचा पृष्ठताण पाण्याच्या सहा-सात पट असतो. स्वच्छ तांब्याच्या अरुंद फटी दिसल्या की सोल्डर त्यांत खेचलं जातं, अगदी चढणीवरसुद्धा. पंपाला जो पातळ थर जमत नाही तोच विकला सर्वांत छान जमतो. अट एकच, तांबं स्वच्छ हवं. उघड्यावर पडून काळपट झालेली विक काहीच शोषत नाही. तिला राळेची पेस्ट चोळली की ती पुन्हा जिवंत होते. वापरताना पट्टी सांध्यावर ठेवायची, वरून चपटं बिट टेकवायचं, सोल्डर चढलं की बिट आणि पट्टी एकदमच उचलायची. आधी बिट उचललं तर पट्टी पॅडवर गोठून बसते, आणि ती झटक्याने ओढली की पॅड तिच्यासोबत. पट्टी पॅडवरून घासतही न्यायची नाही. रिळाची लांब शेपटी बोटात धरून काम केलं तर अर्धी उष्णता शेपटीत जाते आणि बोटही पोळतं. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापून चिमट्यात धरलेला बरा. विक संपली असेल तर उघड्या तांब्याच्या मल्टिस्ट्रँड वायरवर राळ चढवून काम भागतं. जुन्या केबल टीव्हीच्या कोॲक्सची जाळी काढून पाहणारे असतात, पण स्वस्त केबलमध्ये ती ॲल्युमिनियमची निघते, आणि ॲल्युमिनियमला हे सोल्डर धरत नाही.

एक साधन मेडिकलच्या दुकानात मिळतं. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, चिवट थर असतो आणि राळेचा फ्लक्स त्याला हात लावू शकत नाही, म्हणून सोल्डर त्याला चिकटत नाही. इंजेक्शनची नवी २० गेजची सुई घ्या. बाहेरचा व्यास साधारण ०.९ मिलिमीटर, आतला ०.६. तिचं तिरकं टोक घासून सपाट करा. आयसीच्या पिनेची कर्णातली जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ती या सुईत मावते. आणि एक मिलिमीटरच्या भोकात सुई जाते. सांधा वितळवायचा, सुई पिनेवर चढवून आत सरकवायची, बिट काढायचं आणि सोल्डर गोठेपर्यंत सुई गोल फिरवत राहायची. सोल्डर भिंतीला राहतं, पिन मोकळी होते. भोकं अरुंद असतील तिथे ही युक्ती लागू नाही.

सोळा पायांची आयसी काढायची असेल आणि ती बिघडलेलीच असेल तर वरचे सगळे सोपस्कार कशाला? कटरने तिचे पाय अंगाजवळ कापावेत, धड बाजूला टाकावं आणि एकेक पाय चिमट्याने धरून, तापवून, वर उचलावा. सोळा पाय एकदम वितळवण्याचा खटाटोप हाच पॅडचा सर्वांत मोठा शत्रू. आयसी चांगली असली तरी ती महाग किंवा दुर्मीळ नसेल तर मी तिचा बळी द्यायला सांगेन. नवी बसवताना मात्र आयसी बेस लावावा, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रसंगच येणार नाही.

पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक भागांची गोष्ट निराळी, तिथे भोकच नसतं. रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर सोल्डरचा मोठा थेंब चढवून बिट आडवं टेकवलं की रेझिस्टर तरंगायला लागतो आणि बाजूला ढकलता येतो. आठ पायांच्या चिपला दोन्ही रांगांवर जाडसर तांब्याची तार आडवी ठेवून तिच्यासकट सगळं सोल्डरने बुजवतात; ती तार उष्णता साठवते आणि चारही पाय एकदम वितळलेले राहतात. मोबाइल दुरुस्तीवाल्यांचा ब्लोअर हे तिसऱ्या प्रकारचं साधन, पण शेजारचे प्लॅस्टिकचे कनेक्टर आणि कपॅसिटर त्यात होरपळतात. बिस्मथमिश्रित, कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातूही मिळतो. तो जुन्या सोल्डरमध्ये मिसळला की मिश्रण बराच वेळ पातळ राहतं आणि चिप अलगद उचलता येते. त्यानंतरची सफाई मात्र कसोशीने करावी लागते. बिस्मथ, शिसं आणि कथील यांचं एक मिश्रण ९५ अंशांच्या आसपास वितळतं. त्याचा अंश पॅडवर राहिला आणि त्यावर ६०/४० ने नवा सांधा केला, तर तापणाऱ्या रेग्युलेटरचा पाय चालू मशीनमध्येच सुटू शकतो.

विकमध्ये सोल्डर चढतं त्याच नियमाने ते मल्टिस्ट्रँड वायरमध्येही चढतं, आणि इथे ते अडचणीचं होतं. वायर सोलून, पीळ देऊन, टोकाला सोल्डर पाजलं की ते दिसतं त्यापेक्षा पुढे जातं, इन्शुलेशनखाली शिरतं. जिथवर सोल्डर पोहोचलं तिथवर वायर आता सलग, ताठ धातू आहे. त्यापुढे ती मऊ आहे. वायर हलली की सगळा बाक त्या सीमेवरच पडतो. म्हणून अशा वायरी सांध्यात तुटत नाहीत, सांध्यापासून तीन-चार मिलिमीटरवर, इन्शुलेशनच्या आत तुटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. सोल्डर कमी वापरायचं, बिट वायरच्या टोकाकडे ठेवायचं, आणि सांध्यालगतची वायर हलणार नाही अशी बांधायची: बोर्डातल्या मोकळ्या भोकातून एकदा ओवून घ्यायची किंवा ग्लू गनचा ठिपका द्यायचा. ग्लूचा ठिपका दिसायला गचाळ असला तरी पॅडच्या आयुष्याला त्याच्याइतकं स्वस्त औषध नाही.

तार निवडताना लोक पहिला प्रश्न विचारतात, किती करंट झेपेल? सेन्सरच्या सिग्नलला काही मिलिअँपिअर लागतात. तेवढ्याला कुठलीही तार पुरते. मी आधी विचारेन, ही तार हलणार आहे का, आणि ती ज्या पॅडला लावायची तो केवढा आहे? जाड, ताठ तार छोट्या पॅडला लावली तर ती तरफ होते. दुसऱ्या टोकाला बोट लागलं तरी पॅडवर कितीतरी पट जोर येतो. बोर्डावरच्या बोर्डावर, न हलणाऱ्या जोडणीसाठी सिंगल स्ट्रँड वायर चांगली, कारण वाकवली तशी राहते. रेझिस्टरचे कापून टाकलेले पाय हे तर फुकटचे जंपर. इंटरनेटच्या कॅट-५ई केबलच्या आत २४ गेजच्या आठ सिंगल स्ट्रँड तारा असतात. उरलेल्या तुकड्यातून ब्रेडबोर्डची वर्षभराची बेगमी होते. तयार पॅच कॉर्ड मात्र मल्टिस्ट्रँड असते, तिचा इथे उपयोग नाही. बोर्ड सोडून बाहेर जाणारी प्रत्येक तार, मग ती बॅटरीकडे जाओ की डब्याच्या झाकणावरच्या स्विचकडे, मल्टिस्ट्रँडच हवी.

चिपच्या पायावर थेट टाका घालायचा तर ३० गेजची, पाव मिलिमीटर जाडीची सिंगल तार सर्वांत बरी. ही मूळची सोल्डरसाठी नव्हेच. वायर रॅप पद्धतीत ती चौकोनी खांबांना गच्च गुंडाळत. खांबाच्या धारदार कडा तारेत रुतून सोल्डरविना पक्का सांधा होई. अपोलो यानांवरच्या संगणकाची मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या तारा अशाच गुंडाळलेल्या होत्या. आज ती दुरुस्तीत जंपर मारायला वापरतात. इनॅमल्ड तार त्याहून बारीक मिळते, पण मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेल्या तारेवरचं इनॅमल सहसा उष्णतेला दाद देत नाही, ते पात्याने खरवडावं लागतं. पॉलियुरेथेनचं इनॅमल असलं तर बिटाखालीच जळून जातं. मागताना सोल्डर होणारीच तार मागावी.

गेजच्या आकड्यांत घोळ आहे, कारण दोन मापं चालतात. अमेरिकन २२ गेज ०.६४ मिलिमीटर, ब्रिटिश एसडब्ल्यूजी २२ गेज ०.७१ मिलिमीटर. परदेशी मॉड्यूलच्या माहितीपत्रकात पहिलं असतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुसरं ऐकू येतं, आणि सोल्डरची तारही त्याच मापाने मिळते. तिथे हुकअप वायर ‘७/३६’ अशी मागायची. म्हणजे एसडब्ल्यूजी ३६ च्या, ०.१९ मिलिमीटर जाडीच्या सात तारा. हिशोब केला तर हे क्षेत्रफळ अमेरिकन २४ गेजशी जुळतं, आणि बहुतेक छोट्या प्रोजेक्टना हीच वायर पुरते. सप्लायसाठी १४/३६ घ्यावी.

करंटचा प्रश्न खरोखर येतो तो सप्लायच्या तारेत, आणि तिथेही तार जळण्याच्या कितीतरी आधी व्होल्टेज पडतं. समजा डब्ल्यूएस२८१२ जातीचे तीस एलईडी आहेत. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरले तर एकूण १.८ अँपिअर. सप्लाय एक मीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर तार. ३० गेजची तार मीटरमागे ०.३४ ओहम, तेव्हा १.२ व्होल्ट वाटेतच गेले, पाचपैकी ३.८ पोहोचले. अशा वेळी आधी निळा रंग मंदावतो आणि पांढरा पिवळट-लालसर दिसायला लागतो. लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधतात. २४ गेजला ०.३ व्होल्ट जातात, २२ ला ०.२. अमेरिकन मापात दर तीन गेजांना तारेचं क्षेत्रफळ निम्मं होतं, एवढं लक्षात ठेवलं की कोष्टकाची गरज पडत नाही.

इन्शुलेशनकडे कुणी पाहत नाही. स्वस्त पीव्हीसी बिटाच्या उष्णतेने मागे सरकतं, मग उघडी तार शेजारच्या पॅडला टेकते. सिलिकॉनचं इन्शुलेशन २०० अंशांपर्यंत टिकतं आणि त्यातली तार ०.०८ मिलिमीटरच्या अनेक केसरांची असल्याने पॅडला ओढत नाही. फक्त धारदार कोपऱ्यावर ते सहज कापलं जातं. टेफ्लॉन उष्णतेला अजिबात बधत नाही, पण सोलताना जीव काढतं.

तयार जंपर वायरच्या जुडग्यांपासून सावध राहिलेलं बरं. अनेकदा आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, क्वचित लोखंडही. लोखंड चुंबकाने कळतं. ॲल्युमिनियमसाठी एक केसर पात्याने खरवडावं. बाहेर रुपेरी आणि आत तांबूस असेल तर ते कल्हई केलेलं चांगलं तांबं. बाहेर तांबूस आणि आत रुपेरी असेल तर ॲल्युमिनियम. ते तांब्याच्या जेमतेम साठ टक्के वीज वाहतं, चार वेळा वाकवलं की तुटतं, आणि मुलामा सोल्डरमध्ये विरघळला की सांधा धरत नाही.

तारेचं दुसरं टोक स्क्रू टर्मिनलमध्ये जाणार असेल तर तिथे मात्र सोल्डर लावू नये. केसर विस्कटू नयेत म्हणून टोकाला सोल्डर पाजायची पद्धत फार पसरली आहे, पण सोल्डर मऊ असतं आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरत जातं. दाब उतरतो, सांधा सैल होतो, तापतो, आणि तापला की आणखी पसरतो. उघड्या केसरांना पीळ देऊन सरळ आत घालावं, किंवा टोकाला पिन लग दाबून बसवावा. पूर्वी कुणी सोल्डर लावून ठेवलं असेल तर तेवढं टोक कापून टाकावं आणि तार नव्याने सोलावी. ते काढण्यासाठी पंपही नको आणि विकही नको.